अंडी तिची, घरटं त्याचं

जुलै-ऑगस्टात विदर्भातल्या एखाद्या शिंगाड्याच्या तळ्यावर गेलात, तर कमळपक्षी बहुधा दिसतोच. लांबच लांब बोटं पानांवर पसरून तो आरामात चालतो. मान मागून सोनेरी, पोट चॉकलेटी, पंख पांढरेशुभ्र, आणि पावसाळ्यापुरती मिळालेली बाकदार लांब शेपटी. नर आणि मादी दोघांचा पोशाख एकच, त्यामुळे रंगावरून ओळख पटत नाही. दोघं शेजारी उभे राहिले की एक चांगलाच मोठा दिसतो, आणि काठावरचा कोणीतरी हमखास म्हणतो, "तो बघा नर." मोठी असते ती मादी.

थोडा वेळ दुर्बीण लावून बसलं की बाकीचा मामलाही कळतो. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांच्या ओल्या ढिगाऱ्यावर चार तुकतुकीत, ऑलिव्हसारख्या तपकिरी रंगाची अंडी असतात. त्यांच्यावर बसलेला, उठून पानं सारखी करणारा आणि पाणी चढलं तर अंडी ढकलत दुसरीकडे नेणारा पक्षी नर असतो. मादी अंडी देते आणि निघते. पंचवीस-सव्वीस दिवस उबवण्याचं काम त्याचं, आणि पुढे पिल्लं सांभाळण्याचंही त्याचंच. तेवढ्या काळात ती दुसऱ्या नराबरोबर जोडी जमवते, मग तिसऱ्याबरोबर. एका पावसाळ्यात एका मादीने दहापर्यंत वेळा अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. हद्दीत दुसरी मादी शिरली की तिला हुसकावून लावायलाही हीच धावते.

पक्ष्यांमध्ये असा संसार करणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. आणि असं काही वाचलं की "बघा, निसर्गात उलटंही असतं" म्हणून आपण पुढे जातो. मला त्यापुढचा प्रश्न जास्त रंजक वाटतो. उलटं नक्की काय झालं, आणि मुळात सुलटं तसं का होतं?

शाळेत शिकवलेलं आठवा. मादीचं बीजांड मोठं, महागडं आणि मोजकं. नराचे शुक्राणू बारीक, स्वस्त आणि अमाप. १९४८ साली अँगस बेटमन या इंग्लिश शास्त्रज्ञाने फळमाश्यांवर प्रयोग करून मांडलं, की जास्त माद्या मिळाल्या तर नराची संतती वाढत जाते, पण जास्त नर मिळाल्याने मादीच्या संततीत फारशी भर पडत नाही. (त्याच्या प्रयोगात गंभीर दोष होते, हे २०१२ मध्ये तो पुन्हा करून पाहणाऱ्यांनी दाखवलं. तरी पाठ्यपुस्तकांतलं त्याचं स्थान काही हललेलं नाही.) १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी मुद्दा पुढे नेला. नुसतं बीजांड-शुक्राणू बघू नका, पिल्लावर एकूण खर्च कोण करतं ते बघा: अंडी, गर्भ, दूध, राखण, चारा सगळं धरून. जो जास्त खर्च करतो तो निवडून-पारखून जोडीदार घेतो आणि जो कमी करतो तो स्पर्धेत उतरतो. मोर पिसारा फुलवतो आणि लांडोर एकीकडून दुसरीकडे जात पारखते, ते यामुळे.

या हिशेबात "नर" आणि "मादी" हे शब्द शेवटी गळून पडतात. उरतो तो एकच प्रश्न: या घडीला जोडी जमवायला मोकळं कोण आहे? १९७७ मध्ये स्टीफन एम्लेन आणि ल्यूइस ऑरिंग यांनी हेच सूत्र मांडलं. तळ्यावर एकूण नर किती आणि माद्या किती, याला फार अर्थ नाही. त्यातले आज मोकळे किती, याला आहे. रिक्षा स्टँडवर दुपारी बघा, रिक्षावाले "कुठे जायचंय, बसा" म्हणत मागे येतात. संध्याकाळी धो धो पाऊस आला की तेच रिक्षावाले मान वळवून बघतही नाहीत, आणि आपण "दादा, जाणार का" म्हणत एकेका रिक्षामागे धावतो. स्वभाव कोणाचाच बदललेला नसतो. रिकाम्या रिक्षा किती आणि ताटकळलेली माणसं किती, एवढंच बदललेलं असतं.

आता कमळपक्ष्याचं गणित मांडू. मादी रोज एक याप्रमाणे चार दिवसांत चार अंडी देते, आणि दहाएक दिवसांत पुढच्या चारांना तयार होते. नर मात्र एकदा बसला की जवळजवळ महिना अंड्यांवर आणि पुढचे काही आठवडे पिल्लांमागे. म्हणजे कोणत्याही दिवशी तळ्यावर मोकळ्या माद्या जास्त आणि मोकळे नर थोडे. मग भांडायचं कोणी? माद्यांनी. अंगापिंडाने मोठं कोणी व्हायचं? तेही माद्यांनीच, कारण भांडणात वजन कामाला येतं.

आपल्याकडच्या ब्राँझी पंखांच्या कमळपक्ष्यावर १९९० च्या दशकात तमिळनाडूत तपशीलवार काम झालं. तिथली मादी नराच्या जवळजवळ दीडपट वजनाची, आणि एकेका मादीच्या हद्दीत चारपर्यंत नर. प्रत्येकाला तळ्याचा आपापला तुकडा वाटून दिलेला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा विषय होता नरांचं ओरडणं. मादी दुसऱ्या नराकडे गेली की हा आपल्या तुकड्यातून कर्कश हाका मारतो, आणि नर जितके जास्त तितका गोंगाट जास्त. म्हणजे हे नर घरकामाला जुंपलेले गरीब प्राणी नव्हेत. त्यांच्यातही चुरस आहे, फक्त ती मादीच्या पुढच्या खेपेसाठी आहे.

गोष्ट गोड नाही, हेही सांगायला हवं. पनामातल्या कमळपक्ष्यांवर एम्लेन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक कठोर प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्या नरांकडे पिल्लं होती अशा माद्या त्यांनी हटवल्या. थोड्याच वेळात शेजारच्या माद्या घुसल्या आणि पिल्लांना मारू-हुसकावू लागल्या. नर मध्ये पडले, पण आकाराने लहान असल्यामुळे त्यांचं फारसं चाललं नाही. पिल्लं गेली की नर मोकळा होतो आणि नव्या मादीची अंडी घेतो. सिंहांच्या कळपात नवा नर येतो तेव्हा जे घडतं तेच हे, फक्त पात्रं बदललेली. त्याच जातीवर पुढे डीएनए तपासणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली. काही नर जी पिल्लं जिवापाड सांभाळत होते, त्यातली काही शेजारच्या नराची होती.

या बाबतीत पाणढेकूण जास्त हिशेबी निघाला. आपल्या डबक्यांतही पाठीवर अंड्यांची फरशी बसवलेला पाणढेकूण दिसतो. तो नर असतो, आणि मादीने ती अंडी त्याच्या पाठीवर चिकटवलेली असतात. अमेरिकेतल्या एका जातीवर रॉबर्ट स्मिथ यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की हा नर मादीला एका दमात सगळी अंडी चिकटवू देत नाही. दोन-चार अंडी झाली की थांबवतो, पुन्हा मीलन करतो, मग पुढची दोन-चार. पाठीवर ओझं वाहायचं तर ते आपलंच आहे याची खात्री करून घेतो.

आता समुद्रघोड्याकडे वळू, कारण फादर्स डे आला की व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो फिरतोच: "बाळंत होणारा बाबा." बाळंत होतो हे खरं. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते, नर ती फलित करतो, वाढवतो आणि पोटाला आळोखेपिळोखे देत पिल्लं बाहेर टाकतो. इतकं सगळं असताना भूमिकाही उलटलेली असणार असं कोणालाही वाटेल. अमँडा व्हिन्सेंट यांनी हिंदी महासागरात आढळणाऱ्या एका जातीवर टाकीत निरीक्षणं केली आणि १९९४ मध्ये लिहिलं, की नाही. जोडीदारासाठी जास्त झगडतात ते नरच. शेपटीत शेपटी अडकवून ओढाताण करतात आणि तोंडाने एकमेकांवर टकटक वार करतात. गर्भार राहूनही नराची भूमिका इतर हजारो जातींतल्या नरांसारखीच.

त्याच कुळातला पाइपफिश, म्हणजे सरळ केलेला समुद्रघोडाच म्हणा, मात्र पुरता उलटा. स्वीडनच्या किनाऱ्यावर अँडर्स बर्ग्लुंड, गुनिला रोसेनक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याचा अभ्यास केला. एका नराचं एक गर्भारपण संपेपर्यंत मादी जवळजवळ दोन नरांना पुरतील इतकी अंडी तयार करते. म्हणजे पिशव्या कमी आणि अंडी जास्त. त्यामुळे माद्या नटतात. अंगावरचे नागमोडी गडद पट्टे त्या वेळेपुरते ठळक करतात आणि नरासमोर नाचतात. हेच पट्टे बघून दुसऱ्या माद्या दबकतात, म्हणजे नखरा आणि दमदाटी एकाच पोशाखात. नर पारखून घेतो आणि मोठ्या मादीला पसंती देतो. अमेरिकेतल्या एका जातीत तर, २०१० च्या एका अभ्यासानुसार, लहान मादीची अंडी पिशवीत आली तर नर त्यांच्यावर कमी खर्च करतो आणि पुढच्या खेपेसाठी ताकद राखून ठेवतो.

सारांश असा की गर्भ कोण वाढवतो यावरून काहीच ठरत नाही. गर्भ वाढवण्यात किती दिवस जातात आणि तेवढ्या दिवसांत समोरचा किती वेळा तयार होतो, यावरून ठरतं. पाइपफिशमध्ये तर पाण्याचं तापमानही या हिशेबात येतं. पाणी उबदार झालं की नराचं गर्भारपण लवकर आटोपतं, आणि नर-मादीतली दरी कमी होते.

एकाच हंगामात बाजू पलटणारा प्राणीही आहे. स्वीडनच्याच पश्चिम किनाऱ्यावर दोन ठिपक्यांचा एक छोटासा गोबी मासा असतो, आयुष्य जेमतेम वर्षाचं. मे महिन्यात हंगाम सुरू होतो तेव्हा नर भरपूर असतात. शिंपल्यांत घरटी धरून बसतात, एकमेकांना हाकलतात, मादी दिसली की पर फडफडवत तिच्यामागे जातात. मग अंडी राखण्यात नर अडकत जातात आणि बरेचसे मरतातही. जुलै उजाडतो तेव्हा मोकळा नर दुर्मिळ. आता माद्यांचे घोळके एकेका नराभोवती जमतात. केशरी पोट नीट दिसावं म्हणून अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवून दाखवतात. तेच पाणी, तीच जात, मध्ये दोन महिने. एलिझाबेथ फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये "नेचर"मध्ये हे छापलं. या विषयातला एकच निबंध वाचायचा असेल तर मी हा वाचायला सांगेन.

गोबीचं निरीक्षण निसर्गात झालेलं. पण हा काटा हाताने फिरवता येतो का? डॅरिल ग्वीन आणि ली सिमन्स यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका लांब मिशांच्या नाकतोड्यावर तो फिरवून दाखवला (१९९०). या गटातला नर मीलनाच्या वेळी शुक्राणूंबरोबर पौष्टिक चिकट गोळाही देतो, आणि मादी तो खाते. परागकण मुबलक असतात तेव्हा मादीला त्या गोळ्याचं अप्रूप नसतं. नर भराभर गोळे बनवतात, गातात आणि माद्या निवड करतात. परागकणांचा दुष्काळ पडला की गोळा म्हणजे जेवणच. तो बनवायला नराला जास्त दिवस लागतात आणि माद्या उपाशी. मग एका गाणाऱ्या नरावर दोन-तीन माद्या तुटून पडतात. शास्त्रज्ञांनी फक्त खाणं कमी-जास्त केलं आणि भूमिका बदलल्या. अमेरिकेतला मॉर्मन क्रिकेट हा त्याचाच लांबचा भाऊबंद. तो वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढा गोळा देतो, त्यामुळे तो चोखंदळ. मादी पाठीवर चढली की तिचं वजन अजमावतो, आणि हलकी वाटली तर निघून जातो.

भेट देणारा नर असला की माद्यांची सजावट कुठवर जाते, याचं माझं आवडतं उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या एका डान्स फ्लाय माशीचं. या माश्यांच्या माद्या शिकार करत नाहीत. नर किडा पकडून आणतो तेच त्यांचं अन्न, आणि नराला हवी असते अंड्यांनी भरलेली मादी. संध्याकाळी झाडांमधल्या मोकळ्या जागेत माद्यांचा थवा तरंगत असतो. नर खालून येतो, त्यामुळे त्याला मावळत्या आकाशावर फक्त काळी आकृती दिसते. मादी हवा गिळून पोटाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या फुगवते आणि केसाळ पाय पोटाभोवती धरते. पोट टम्म भरल्यासारखं दिसतं, आत अंडी असोत वा नसोत. फुगवटा अंड्यांचा की हवेचा, हे नराला त्या अंधुक उजेडात सांगता येत नाही.

आपल्याकडच्या रंगीत पाणलाव्याला असलं काही करावं लागत नाही. भातखाचरांच्या आणि दलदलीच्या कडेने, अंधारून येताना तो बाहेर पडतो. मादीची मान गडद तांबूस, डोळ्याभोवती पांढरी कड. नर तिच्यासमोर फिकट, ठिपक्याठिपक्यांचा, गवतात मिसळून जाणारा. दोन्ही पंख पुढे पसरून, शेपटी फुलवून दाखवते ती मादी. रात्री रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा घुमणारा आवाज काढते तीही मादीच. तो आवाज निघावा म्हणून तिची श्वासनलिका नरापेक्षा लांब असते. जुनी पक्षिचित्रं बघताना लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे, रंग बघून मादीलाच नर समजण्याची चूक जाणत्यांकडूनही होत असे.

दुर्लावाची गोष्ट त्याहून जुनी. दिसायला लावरीसारखा, पण तिच्या कुळातला नव्हे. मद्रास प्रांतातले लष्करी डॉक्टर थॉमस जर्डन यांनी १८६० च्या दशकात भारतीय पक्ष्यांवरच्या ग्रंथात लिहिलं, की इथले पारधी सापळ्यात एक पाळलेली मादी आमिष म्हणून ठेवतात. ती घुमू लागली की रानातले दुर्लाव भांडायला धावत येतात आणि अडकतात, आणि सापडतात त्या सगळ्या माद्याच. दक्षिणेत या माद्या झुंजीसाठीही पाळत. १८७१ साली डार्विनने लैंगिक निवडीवरचं पुस्तक लिहिलं तेव्हा नेमकी हीच माहिती वापरली. सिद्धांत नंतर आला. मादीच भांडते हे पारध्यांना त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं, कारण त्यांचं पोट त्यावर होतं.

इथपर्यंत आलं की कोणीतरी म्हणतंच: अशा माद्यांमध्ये नराचं संप्रेरक जास्त असणार. टेस्टोस्टेरॉन. ऐकायला पटतं, पण बहुतेक तपासण्यांत तसं सापडलेलं नाही. आपल्या भारद्वाजाचा एक आफ्रिकन भाऊ आहे, काळा भारद्वाज. त्याची मादी हद्द राखते, गाते, अनेक नर ठेवते. नर घरटं बांधतो, उबवतो आणि उघड्या-बोडक्या पिल्लांना एकटा भरवतो. टांझानियात जर्मन शास्त्रज्ञांनी तिचं रक्त तपासलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन नरापेक्षा जास्त निघालं नाही. फरक सापडला मेंदूत. वर्तनाशी निगडित अशा एका छोट्या भागात ते संप्रेरक पकडून घेणाऱ्या जागा मादीकडे नरापेक्षा जास्त सक्रिय होत्या. नळाला पाणी तेवढंच, तोटी मात्र मोठी.

मग हा संसार कमळपक्ष्यालाच का साधला? एकच कारण सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, पण काही गोष्टी जुळून आलेल्या दिसतात. त्याची पिल्लं अंड्यातून निघाल्या निघाल्या चालतात आणि स्वतः टिपून खातात. पालकाने फक्त ऊब द्यायची आणि राखण करायची, म्हणजे एक पालक पुरतो. मादीच्या मानाने अंडी लहान, त्यामुळे पुन्हा घालणं परवडतं. आणि तरंगतं घरटं म्हणजे भरवसा नाही: पाणी चढतं, साप-पक्षी खाऊन जातात. अशा वेळी मादी अंगात ताकद राखून असेल तर लगेच दुसरी चार अंडी देते, आणि तिला मोकळी ठेवण्यात नराचाही फायदा असतो. पण एकदा ती मोकळी राहिली की पुढची चार याच्याचसाठी घालेल याची हमी कोण देणार?

दुसरा धागा संख्येचा. २०१३ मध्ये टामास सेकेली आणि सहकाऱ्यांनी पाणथळीतल्या चिखलपक्ष्यांच्या वेगवेगळ्या जाती ताडून पाहिल्या. जिथे प्रौढ नर माद्यांपेक्षा जास्त, तिथे भूमिका उलटलेल्या सापडण्याची शक्यता जास्त. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर दिसणारा केंटिश प्लव्हर हा त्यातलाच. त्याच्यात भूमिका पुरती उलटलेली नाही. अंडी दोघं उबवतात, पण पिल्लं निघाल्यावर मादी बऱ्याचदा निघून जाते आणि नर एकटा सांभाळतो. सेकेलींनी तुर्कस्तानात काही जोड्या मुद्दाम फोडल्या आणि एकटे पडलेले नर-मादी सोडून दिले. नवा जोडीदार मिळायला नरांना माद्यांपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले. मादी निघून जाते ती समोर मोकळे नर आहेत म्हणून. आणि नर थांबतो, कारण सोडून गेला तरी त्याला दुसरी कोणी लवकर मिळण्यातली नाही.